डावी बाही

कुस्तोदिया मावशीच्या घरात सकाळी कुणी कुणाला झोप लागली का, असं विचारत नाही. ‘काय स्वप्न पडलं?’ असं विचारतात. निजायच्या टांगत्या झोळीतून पाय जमिनीला टेकायच्या आत विचारतात आणि उत्तर खरं द्यायचं असतं, कारण मेलेल्या माणसांना आपलं म्हणणं सांगायला दुसरी जागा नसते.

त्या सकाळी उत्तर रेम्बेर्तो मामांनी दिलं. आपल्या झोळीत पडल्यापडल्याच दिलं, तोंड छपराच्या पत्र्याकडे करून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकला होता, की वर पत्रा असला काय आणि आभाळ असलं काय, त्यांना सारखंच.

“दोमिंगा आली होती,” ते म्हणाले. “पाय गारठलेत म्हणाली. परक्यांत टाकलंत मला, म्हणाली.”

चुलीपाशी कॉफी गाळत असलेली मावशी थांबली. दोमिंगा तिची आणि मामांची थोरली बहीण, याच घरात राहणाऱ्या एदिल्माची आई. आठ वर्षांपूर्वी ती हद्दीपलीकडे, एका नात्यातल्या लग्नाला म्हणून गेली आणि तिथेच तापाने गेली. तेव्हा हद्द बंद होती. मोठ्या रस्त्यावर शिपाई, चोरवाटांवर गोळीबार. एदिल्मा नाक्यापर्यंत जाऊन तीनदा परत आली. त्या उन्हात मढं थांबत नाही. ज्यांच्या दारात मरण आलं, त्यांनीच आपल्या कुळाच्या दफनभूमीत एक कोनाडा उसना दिला आणि दोमिंगाला त्यात ठेवून वर सिमेंट लावलं. उसनं म्हणजे उसनंच. कधीतरी हाडं उचलायची, धुवायची, रडायचं आणि आपल्या माणसांत आणून ठेवायची. तोवर माणूस पुरतं मेलेलं नसतं.

“मी जायच्या आत आणा तिला,” मामा म्हणाले. “मला तिच्या कुशीला पडायचंय. लहानपणी पडायचो तसं.”

मामांच्या पोटात गाठ होती. इस्पितळाने त्यांना घरी नेऊन ठेवा म्हणून सांगितलं होतं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं होतं. तेव्हा प्रश्न एवढाच होता की आधी कोण पोचतं.

हाडं उचलायची ती आईच्या बाजूच्या बाईने. मावशीचे गुडघे गेलेले. राहिली एदिल्मा. खरं तर सगळं कुळ थडग्यापाशी जमायला हवं, तिथेच चुली पेटायला हव्यात. पण बायका-पोरं आणि बकऱ्या घेऊन चोरवाटेने कोण जाणार? असं ठरलं की एदिल्माने एकटीने जाऊन आणायचं आणि रडणं इथे, मायकाओ गावाच्या कडेला, घरच्या मांडवात करायचं. दूरदूरच्या वाड्यांवर निरोप गेले. बकऱ्या दारात बांधल्या गेल्या. निरोप गेला की मागे फिरता येत नाही.

एदिल्मा हाडं बांधायचं कापड फाडायला दुकानात गेली. मशिदीमागच्या गल्लीतल्या त्या दुकानात ती लग्नाआधीपासून कामाला होती. मालकीण नुहादबाई. लेबनॉनहून नवऱ्यामागे आलेल्या, आता नवरा नाही, मुलं पनामाला. गल्ल्यावर बसून दिवसभर अरबीत रेडिओ ऐकायच्या आणि स्पॅनिशमध्ये गिऱ्हाइकांना शिव्या द्यायच्या. या ग्वाहिरा भागातल्या बाया घालतात त्या पायघोळ झग्यांचं कापड त्यांच्याकडे सगळ्यात चांगलं मिळायचं. फाडायचं आणि शिवायचं काम एदिल्माचं.

आईचे सगळे झगे तिनेच शिवले होते. डावी बाही नेहमी दोन बोटं आखूड. तरणी असताना दोमिंगा मिठाच्या ट्रकवरून पडली आणि डावा हात कोपराखाली मोडला. वैदू दूर, म्हणून रेम्बेर्तो मामांनीच निवडुंगाच्या वाळल्या फळकुटांनी हात बांधला. हाड जुळलं, पण वाकडं. मध्ये गाठ आली आणि हात आखूड झाला. दोमिंगा जन्मभर भावाला चिडवायची, “रेम्बेर्तोने बांधलेलं कुंपण बघा, माझा हात बघा. दोन्हीतून बकरी सुटते.”

“किती फाडू?” एदिल्माने पांढऱ्या मांजरपाटाचं ठाण उलगडत विचारलं.

“फाड हवं तेवढं. मोजू नकोस.” नुहादबाईंनी रेडिओ बारीक केला. “माझ्या नवऱ्याला तीन तुकडे लागले. झाकला, माती लोटली, संपलं. आम्ही एकदा झाकलं की झाकलं. तुम्ही लोक परत उघडता. भीती नाही वाटत?”

“कशाची?”

“ठेवलं तसं सापडणार नाही याची.”

“तसं कुणीच सापडत नाही, बाई. म्हणून तर धुवायचं.”

“हं.” नुहादबाई कात्रीकडे बघत राहिल्या. “माझं गावही हद्दीलाच आहे. आईबापांच्या कबरींवर बॉम्ब पडले म्हणतात. मी काही बघायला गेले नाही. तू जा. आणि त्या माराकाइबोवाल्याला सांग, गाडी सावकाश हाक.”

माराकाइबोवाला म्हणजे हद्दीपलीकडच्या माराकाइबो शहराचा एउदो. त्याची गाडी बोटीएवढी लांब, जुनी अमेरिकन, दरवाजा तारेने बांधलेला. पलीकडून पेट्रोल आणायचा, इकडून साबण, पीठ, औषधं न्यायचा. वाटेवर आडव्या दोऱ्या धरून गाड्यांकडून पैसे घेणाऱ्या सगळ्यांशी त्याची तोंडओळख. तोंड मात्र क्षणभर बंद नसायचं.

“ताई, माझ्या गाडीत बसलेला प्रत्येक माणूस एकदा तरी उतरून ढकलतो,” पहाटे निघताना तो म्हणाला. “तुमच्या आईसाहेब पहिल्या, ज्यांना मी ढकला म्हणणार नाही.”

“तिने ढकललीच असती. एका हाताने.”

“मग येताना बरं होईल.”

काटेरी झुडपांतून वाट होती. धूळ इतकी की एउदोने भर उन्हात दिवे लावले. ठिकठिकाणी वाटेवर आडव्या दोऱ्या. पहिल्या दोऱ्या आपल्याच वाड्यांच्या. एदिल्माने डोक्याला बांधलेला काळा रुमाल आणि मांडीवरचं पांढरं कापड बघून बाया दोरी खाली सोडत होत्या. एकीने विचारलं, “कोण?” “आई,” एदिल्मा म्हणाली. “नीट आण,” ती म्हणाली.

ओबदुलिया दफनभूमीच्या फाटकात उभी होती. आठ वर्षांपूर्वी कोनाडा दिला तो हिच्याच घराने. बाई साठीची, पायात पुरुषी चपला. तिने कॉफी दिली, मामांची चौकशी केली, बकऱ्या किती जमल्या विचारलं. सगळं रीतीने. फक्त ती एदिल्माच्या तोंडाकडे बघत नव्हती.

कोनाडे चुन्याने रंगवलेले होते, एकावर एक. आईचा खालच्या रांगेत. एदिल्मा उकिडवी बसली आणि तिच्या पहिल्यांदा सिमेंटच लक्षात आलं. आठ वर्षांच्या उन्हाने सिमेंट भुरकट होतं, त्याला केसासारख्या भेगा पडतात. हे गर्द होतं आणि गुळगुळीत. नाव खिळ्याने पुन्हा कोरलेलं होतं. शेजारच्या कोनाड्यांचंही तसंच.

“पावसाने पडलं होतं,” ओबदुलिया म्हणाली. “बसवून घेतलं.”

एउदोने छिन्नी मारली आणि रीतीप्रमाणे पाठ फिरवून लांब गेला. एदिल्माने हातांवर चिरिंची ओतून घेतली. घरी गाळलेली ही दारू हात धुवायला आणि धीर धरायला दोन्हीला लागते. मग तिने कोनाड्यात हात घातला.

झगा नव्हता. आईचा झगा निळ्या कापडाचा होता, बारीक पिवळ्या फुलांचा, तिने स्वतः शिवलेला. आईला त्यातच ठेवल्याचा निरोप आला होता. इतक्या कोरड्या जागेत कापड आठ वर्षांत जात नाही, निदान शिवण उरते. इथे धागा नव्हता. आणि हाडं माणूस निजल्यासारखी नव्हती. लांब हाडं एकीकडे सरपणासारखी रचलेली, बाकीची मागे लोटलेली, पुढे कवटी.

तिने एकेक काढून कापडावर मांडलं. दिवसभर मापं घेणाऱ्या बाईचे हात डोक्याची वाट बघत नाहीत. कोपराखालची हाडं तिने शोधून काढली, डावी-उजवी लावली आणि वीत टाकली. दोन्ही सरळ. कुठे गाठ नाही, वाक नाही. दोन्ही तिच्या स्वतःच्या हातापेक्षा लांब. मांडीचं हाड तर एखाद्या उंच गड्याचं असावं. कवटी मात्र लहान, नाजूक, दात जवळजवळ सगळे शाबूत. आईच्या वरच्या जबड्यात शेवटी चारच उरले होते.

हे एक माणूसही नव्हतं.

“ओबदुलियाबाई,” ती म्हणाली. “माझी आई कुठे आहे?”

ओबदुलिया हळूच खाली बसली. चपला काढून बाजूला ठेवल्या.

“चोर आले होते. तीन वर्षं झाली. पेट्यांच्या कड्या काढून नेतात, सोन्याचे दात नेतात. हाडंही नेतात, करणी करणारे विकत घेतात म्हणे. सकाळी येऊन बघतो तर आमची सगळी माणसं आणि तुझी आई, एका ढिगात वाळूवर. कुत्री फिरत होती.”

“मग?”

“मग मी आणि माझी सून. जमेल तसं लावलं. ज्याला डोकं नाही त्याला डोकं दिलं, ज्याला पाय नाहीत त्याला पाय. कुणाचा कोनाडा रिकामा ठेवला नाही.”

“निरोप का नाही धाडला?”

आता ओबदुलियाने तिच्या तोंडाकडे बघितलं. “काय म्हणून धाडू? तुमची बहीण आमच्या सांभाळात होती आणि आम्ही ती सांभाळली नाही, असं? तुझे मामा काय करणार होते? मध्यस्थ पाठवला असता. भरपाई मागितली असती. मागायलाच हवी, मीही मागितली असती. आमच्याकडे द्यायला काय आहे? या चार बकऱ्या आणि माझी दोन मुलं.”

भरपाई चुकली की जीव घेतात, हे सांगायची गरज नव्हती. एदिल्माचा थोरला भाऊ एका खेचरावरून सुरू झालेल्या भांडणात गेला होता. खेचर कुणाचं, हे अजून ठरलेलं नाही.

“बोलणार आहेस?” ओबदुलियाने विचारलं.

बाकीचे कोनाडे फोडावेत, प्रत्येकात वीत टाकून बघावी, असं तिच्या मनात आलं. पण प्रत्येक कोनाड्यात कुणाचा तरी बाप होता, आणि परक्या बाईने तो उघडला तर त्याचीही भरपाई असते. फाटकापाशी एक तरणा मुलगा येऊन उभा राहिला होता, ओबदुलियाचा धाकटा असणार. हातातल्या टोपीची कड कुरतडत होता.

तिने फडकं ओलं केलं आणि कवटी पुसायला घेतली. मग लांब हाडं. मग बारीक. सगळी पुसून, मायेने नव्हे पण नीट, कापडात बांधली. नुहादबाईंनी मोजू नकोस म्हटलं होतं, तरी कापड कमी पडलं.

परतताना एउदो राहून राहून तिच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. “ताई, जड आहेत का हो?”

“का?”

“नाही, मांडी अवघडली असेल. मागच्या सीटवर ठेवा हवं तर.”

“राहू दे.”

हद्दीजवळच्या दोरीवर बंदूकवाले होते. ना इकडचे, ना तिकडचे. एकाने खिडकीतून मान आत घातली.

“गाठोड्यात काय?”

“हाडं आहेत, साहेब,” एउदो म्हणाला. “ताई हाडं घरी नेतायत.”

“मागच्या आठवड्यात एकाने शवपेटीत पिस्तुलं नेली. उघड.”

“उघडता येत नाही,” एदिल्मा म्हणाली.

“कोणाची आहेत?”

उन्हात दोरी ताणलेली होती. पलीकडच्या टोकाला दुसरा माणूस ती पायाच्या अंगठ्यात धरून आंबा खात होता. एदिल्माने उत्तर द्यायला श्वास घेतला आणि तिच्या ध्यानात आलं, की ही हाडं आपण आईची म्हणणार की नाही, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. ओबदुलियालाही नाही.

“माझी आई आहे,” ती म्हणाली.

माणसाने गाठ सोडलीच. आत हात घालून चाचपलं, बाहेर काढून विजारीला पुसला. “बरं. मग ही पण उतारूच झाली. हिचं भाडं?”

“मेलेल्या माणसाचं भाडं सरकारसुद्धा घेत नाही, साहेब,” एउदो हसत म्हणाला.

“सरकार दिसतंय का तुला इथे?”

त्यांनी चिरिंचीच्या बाटल्या घेतल्या, उरलेली अर्धीसुद्धा. दोरी खाली पडली. गाडी चालू होईना, तेव्हा आंबा खाणाऱ्यानेच मागून ढकलली.

मायकाओत शिरताना दुपारची बांग चालू होती. बाजारात चाकवाल्या गाड्यांवर केळी, खांद्यावर गाद्या घेतलेले पलीकडचे लोक, चौकात देवाचं कर्ण्यावर ओरडून सांगणारा एक पाद्री. दुकानाच्या दारात नुहादबाई उभ्या होत्या. गाडी जाताना त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. त्यांच्या गल्लीत मढं जाताना तसं करतात. एदिल्माने मान खाली घातली.

मांडवात माणूस मावत नव्हतं. तिने पाऊल टाकताच रडणं उठलं. बाया रुमालाने तोंड झाकून, कपाळाला कपाळ लावून रडत होत्या. एदिल्माला आता हाडांखेरीज कशालाच हात लावायची मुभा नव्हती. हाडं उचललेल्या हातांनी अन्नाला शिवत नाहीत, आणि रात्र उलटेपर्यंत डोळा लागू द्यायचा नसतो. मावशीने तिला बसवलं आणि मक्याच्या कण्या तिच्या तोंडात भरवल्या.

“कशी होती?” मावशीने हळूच विचारलं. “केस होते का गं? तिचे केस दाट होते.”

“नव्हते, मावशी.”

“हं. गळतात.”

मग मामांचा आवाज आला. त्यांची झोळी मांडवात मधोमध बांधली होती. रडणं ओसरलं.

“तिचा डावा हात द्या मला,” मामा म्हणाले. “मी बांधला होता तो.”

लोकांत कुणीतरी हुंदक्यातच हसलं. कुंपणाचा आणि बकरीचा विनोद सगळ्यांना ठाऊक होता. एदिल्मा उठली. नाही म्हणायला कारण नव्हतं. तिने गाठोड्यात हात घातला, डाव्या बाजूचं म्हणून मांडलेलं हाड काढलं आणि मामांच्या हातात दिलं.

मामांनी ते मनगटाच्या टोकाकडून धरलं. अंगठा हळूहळू वर सरकवत नेला. मध्यावर अंगठा थांबला. मागे आला, पुन्हा पुढे गेला. तिथे गाठ असायला हवी होती. एदिल्मा त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मांडवाच्या कडेला तिचे चुलत-मावस भाऊ बसले होते, तिघे जण, कमरेची पिस्तुलं सदऱ्याखाली झाकून.

मामांनी अंगठा कोपरापर्यंत नेला. हाड छातीवर ठेवलं.

“हीच,” ते मोठ्याने म्हणाले. “माझी दोमिंगा. रडा.”

आणि त्यांनी सगळ्यांच्या आधी तोंडावर रुमाल ओढला.

मांस वाटून झालं, लोक झाडाखाली पांगले, तेव्हा त्यांनी एदिल्माला जवळ बोलावलं.

“कोण आहे?”

“माहीत नाही, मामा. एक नाही. दोघं तरी असावीत.”

“आणि ती?”

“तिथेच कुठेतरी. तुकड्या-तुकड्यांनी. नाहीतर विकली.”

मामांच्या पोटात कळ आली तशी त्यांनी झोळीची दोरी पकडली. कळ गेल्यावर म्हणाले, “ओबदुलियाची पोरं केवढी आहेत?”

“धाकटा विशीचा असेल.”

“आपला गेला तोही तेवढाच होता.” मग म्हणाले, “मला इथेच ठेवा, ठरलं तसं. यांच्या शेजारी. जागा सोडलीत तर लोक विचारतील. दोन अनोळखी माणसं आणि एक आंधळा. जुळेल काहीतरी.”

“तुम्हाला तिच्या कुशीला पडायचं होतं.”

“होतं,” ते म्हणाले. “मी गेलो की तिच्यापुढे उभा राहीन, शिव्या खाईन. ते माझं मी बघतो. पण स्वप्नं मागे राहणाऱ्याला पडतात, एदिल्मा. आता तुझ्याकडे येईल ती.”

ती रात्र बायकांनी तिला जागं ठेवलं. पेंगली की कुणीतरी गालावर पाणी मारायचं. तिला त्याची गरज नव्हती. उजाडल्यावर हातांवरची बंदी उठली, झोळी बांधून दिली, तरी ती बसूनच राहिली.

मामा पुढच्या पौर्णिमेच्या आत गेले. त्यांना ठरल्या जागी ठेवलं. सिमेंट लावताना भाऊ म्हणाले, भावाबहिणीची शेवटी गाठ पडली. मावशीने त्यांना कॉफी दिली.

एदिल्मा दुकानात जाते. फाडते, शिवते. एकदा एका गिऱ्हाइकाच्या झग्याची डावी बाही तिने दोन बोटं आखूड बेतली. नुहादबाईंनी बघितलं, तो तुकडा बाजूला ठेवला आणि ठाण पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.

आई पहिल्यांदा आली ती पावसाआधी. निळ्या झग्यात, पिवळ्या फुलांच्या. झग्याच्या दोन्ही बाह्या सारख्या लांबीच्या होत्या, डावी बोटांवरून खाली लोंबत होती. आईने तो हात पुढे केला, शिंप्यापुढे करतात तसा, आणि माप घेण्याची वाट बघत उभी राहिली. एदिल्माने बाही वर सारली. आत काही नव्हतं.

“काय स्वप्न पडलं?” मावशीने चुलीजवळून विचारलं.

खरं सांगितलं, तर मावशी आजच निरोप धाडेल. भाऊ येतील, विचारतील, मग ते हद्दीपलीकडे जातील. फाटकातला तो मुलगा टोपीची कड कुरतडत उभा असेल.

एदिल्माने पाय जमिनीला टेकले.

“काही नाही, मावशी.”

“आजही नाही?”

“नाही.”

मावशीने तिच्याकडे एकदा बघितलं. मग कपात कॉफी ओतली आणि तिच्या हातात न देता तिच्या ओठांशी धरली, जणू एदिल्माच्या हातांवरची बंदी अजून उठलेली नव्हती.